जुनी पिकअप तापतेय? आधी ती कुठं तापते ते बघा

कोल्हापूरहून करूळ घाटानं कोकणात उतरताना जुनी पिकअप सहसा तापत नाही. तापते ती परत येताना. जाताना उतार आणि हौदा निम्मा रिकामा, येताना चढ आणि मागं आंब्याच्या पेट्या नाहीतर जांभ्याचे चिरे. मग गगनबावड्याला चहाच्या टपरीपाशी बोनेट वर करून माणूस म्हणतो, "काल तर झकास गेली की, आज काय झालं हिला?" आज काहीच झालेलं नसतं. दुखणं जुनंच असतं, चढानं ते बाहेर काढलेलं असतं.

म्हणून पान्याला हात लावायच्या आधी गाडी कधी आणि कुठं तापते, हे दोन दिवस नीट बघा आणि लिहून ठेवा. ज्यांनी पहिल्यांदाच सेकंडहँड डिझेल पिकअप घेतलीय, दुधाच्या, गुळाच्या किंवा भाजीच्या धंद्याला लावलीय आणि गॅरेजमध्ये "रेडिएटर गेला" एवढं ऐकून पैसे मोजायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातलं बरंचसं घरच्या अंगणात, टॉर्च, जाड फडकं आणि दोन-चार पाने घेऊन तपासता येतं.

एक गोष्ट आधीच

गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडायची नाही. फडकं गुंडाळून नाही, अर्धी फिरवून नाही, अजिबात नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची कॅप आत दाब धरून ठेवते. तिच्यावर ०.९ असा आकडा असेल तर त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. आता आत ११० अंशांचं पाणी आहे आणि तुम्ही कॅप फिरवली, तर दाब जातो, पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. इंजिन बंद करून किमान पाऊण तास थांबा. वरचा जाड होस पाइप हातानं दाबला की मऊ लागला पाहिजे आणि कॅपवर हात ठेवता आला पाहिजे. मग उघडा.

दुसरं, फॅन फिरत असताना गळ्यातला टॉवेल, शर्टाची लोंबती बाही, हातातलं कडं काढून ठेवा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

गाडी काय सांगते

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा.

कावळा नाक्याला नाहीतर तावडे हॉटेलच्या चौकात ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पळायला लागली की खाली येतो. याचा अर्थ उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा ओढली जात नाही. चालत्या गाडीत वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. तेव्हा फॅन, त्याचा बेल्ट, व्हिस्कस कपलिंग (तापलं की फॅनला घट्ट पकडून फिरवणारा मधला गोल भाग) किंवा इलेक्ट्रिक फॅनचा स्विच, फ्यूज, रिले यांच्याकडे बघा.

याच्या उलट, गावात गप गुमान चालते पण आंबा घाट चढताना, जोतिबाच्या चढाला किंवा भरल्या गाडीनं हायवेवर तापते. इथं वारा आहे, फॅन आहे, पण इंजिनची उष्णता पाण्यातून बाहेर पडायला वाट कमी पडतेय. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, थर्मोस्टॅट (तापलेल्या पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा वॉल) अर्धाच उघडत असेल, वॉटर पंपाचा पंखा झिजला असेल. खालचा होस पाइपसुद्धा बघा. पंप त्यातून पाणी ओढतो, आणि पाइप जुना होऊन मऊ पडला असेल तर जोरात रेस दिल्यावर तो आतल्या आत चिमटतो. गाडी उभी असताना त्याला काही झालेलं दिसत नाही, म्हणून हे दुखणं महिनोन्महिने सापडत नाही. दुसऱ्याला रेस द्यायला सांगून स्वतः टॉर्च मारून बघावं लागतं.

सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जात असेल तर रेडिएटरचा विचार नंतर. पाणी कमी आहे, आत हवा अडकलीय, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत चिकटलाय किंवा हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) उडालंय, यातलं काहीतरी असणार.

आणि काटा लाल रेघेवर, पण वास नाही, वाफ नाही, होस नेहमीएवढाच गरम, गाडीची ओढ तशीच. तेव्हा काट्यावरच संशय घ्या. जुन्या गाडीत सेन्सरची वायर घासते, अर्थिंगची वायर ढिली होते. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर दोष वायरिंगमध्ये. त्याची खात्री होईपर्यंत मात्र काटा खरा धरूनच चाला.

थंड गाडीवरची तपासणी

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तपासा. चालू करायच्या आधी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवलेला असला तर बरं, थेंब कुठं पडलेत ते कळतं.

कॅप उघडा. पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. फक्त प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी बघून गाडी काढणाऱ्यांना हमखास फसायला होतं, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं. इंजिन गार होताना रेडिएटरनं बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायचं असतं. कॅपचं रबर कडक झालं किंवा तिचा मधला छोटा व्हॉल्व्ह चिकटला की ओढणं बंद होतं. सकाळी वरचा होस पाइप चपटा झालेला दिसला तर दोष जवळपास ठरलेला, कॅप बदला. दुखण्याच्या मानानं हा सगळ्यात स्वस्त भाग. पण कॅप त्याच दाबाची घ्या. जास्त दाबाची बसवली म्हणून गाडी जास्त गार राहत नाही, जुना रेडिएटर मात्र फाटू शकतो.

आता रंग बघा. कूलंट घातलेलं पाणी रंगीत असतं, स्वच्छ हिरवं, लाल किंवा निळं असेल तर ठीक. तांबूस गढूळ असेल तर आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं नुसतं पाणी वापरलंय आणि आतून गंज सुटलाय. वर तेलाचा तवंग असेल तर काळजी. मग डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर गाडी चालू करू नका, सरळ गॅरेज गाठा, तेही टो करून. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही येतो. त्यावरून घाबरू नका, डिपस्टिक काय दाखवते ते महत्त्वाचं.

होस पाइप दाबून बघा. कडकड वाजला, भेगा दिसल्या किंवा क्लिपपाशी फुगलेला असला तर बदला. बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण १०-१२ मिलिमीटर दबावा. चालू करताना किंवा पावसात चिरकत असेल तर तो घसरतोय, आणि बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये त्याच बेल्टवर वॉटर पंपही असतो.

व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन बंद असताना हातानं फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा सुटून चार-पाच वेळा फिरला, किंवा मधल्या गोल भागावर तेलकट ओघळ असले, तर कपलिंग संपलंय. फिरता फॅन काठीनं किंवा पेपरच्या गुंडाळीनं अडवून बघणारे महाभाग आहेत. तसलं काही करू नका.

फॅनभोवती प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा घेर असतो, श्राउड. सेकंडहँड गाडीत तो आहे का ते आवर्जून बघा. कधीतरी पंप बदलताना कुणीतरी तो काढतो, परत बसवायचा कंटाळा करतो आणि गाडी त्यावाचून चालते म्हणून विषय संपतो. घेर नसला की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीत मी सगळ्यात आधी हेच बघतो.

मग पुढून रेडिएटर. ऊसपट्ट्यात गाडी फिरवत असाल तर पाचटाचा भुसा, गुऱ्हाळाची राख आणि मेलेले किडे यांचा थर जाळीत बसतो. एसी असेल तर पुढचा कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि कचरा दोघांच्या मध्ये साठलेला असतो. पाणी इंजिनकडून पुढच्या बाजूला, हलक्या धारेनं मारा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेनं पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि उरलीसुरली हवाही बंद. दसऱ्याला ग्रिलला बांधलेला झेंडूचा जाड हार दिवाळीपर्यंत तसाच मिरवणाऱ्या गाड्याही मी बघितल्यात. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उतरवा हो.

पाणी जातं कुठं

गॅरेजच्या भाषेत तीन तक्रारी वेगळ्या आहेत आणि मिस्त्रीला सांगताना त्या वेगळ्याच सांगा. गाडी पाणी गाळते, गाडी पाणी फेकते आणि गाडी पाणी खाते.

गाळते म्हणजे बाहेर दिसतं. होसचे जोड, रेडिएटरचे कोपरे, ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या (गॅरेजवाले त्यांना डमी म्हणतात) आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. कुणी ते एमसील लावून बुजवायला सांगितलं तर ऐकू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरेल. हीटर असलेल्या गाडीत क्लीनर बाजूच्या पायाखालची मॅट ओली आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं आलं, तर हीटरचा कोअर गळतोय.

फेकते म्हणजे बाटलीतून उसळून बाहेर टाकते. कॅप दाब धरत नसेल तर असं होतं, आणि सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसत असेल तरीही होतं. नवी कॅप घालूनही फेकत असेल तर पुढचं वाचा.

खाते म्हणजे बाहेर एक थेंब नाही, पण आठवड्याला लिटरभर घालावं लागतं. पाणी जळतंय किंवा ऑइलमध्ये जातंय. थंड इंजिनवर कॅप उघडी ठेवून चालू करा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे आले तर चालतं, पण रेसबरोबर बुडबुड्यांची माळच लागली तर हेड गॅसकेट. कॅप लावून चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन कोमट व्हायच्या आत होस दगडासारखा टणक झाला तरी तेच. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ सगळ्यांच्याच गाडीतून येते. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर मात्र ते कूलंट आहे. आणि सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन 'टक' करून अडलं तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गळतीवर हळद टाकायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. सुईएवढ्या भोकावर ती तेवढ्यापुरती चालते, आडरानात अडकलात तर टाका खुशाल. पण तीच हळद नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. घरी पोचलात की सगळं पाणी काढून आतून धुवून घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाका म्हणणारे

"वॉल काढून टाक, गाडी बर्फासारखी गार राहील." हा सल्ला आपल्याकडे जवळपास प्रत्येक अड्ड्यावर फुकट मिळतो. थर्मोस्टॅट गार पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, इंजिन लवकर तापवतो आणि मग उघडतो. तो काढला की डिझेल इंजिन थंडच पळतं, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये काजळी आणि चिखल वाढतो. काही इंजिनांत तर हाच वॉल तापल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

तो चांगला आहे का हे स्वयंपाकघरात कळतं. एका जुन्या पातेल्यात पाणी घ्या (जे परत आमटीला वापरायचं नाही), दोऱ्यानं वॉल मधोमध लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. वॉलवर आकडा कोरलेला असतो, बऱ्याच गाड्यांत ८२ च्या आसपास. त्या तापमानाला तो हळूहळू उघडायला लागला पाहिजे आणि पाणी खळखळ उकळेपर्यंत चांगला फाकला पाहिजे. उघडलाच नाही, अर्धा उघडला किंवा गार झाल्यावर मिटला नाही तर नवा घ्या, गॅसकेटसकट.

न काढता अंदाज घ्यायचा तर थंड गाडी चालू करून वरच्या होसला अधूनमधून हात लावा. बराच वेळ थंड आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडाच अडकलाय किंवा आधीच्या मालकानं काढून टाकलाय. काटा वर गेला तरी होस थंडच, तर उघडत नाही.

रेडिएटर आतून

शिरोळकडच्या क्षारपड जमिनी सगळ्यांना माहीत आहेत. तसलंच खारं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं तर किटलीत बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. इंजिन तापवून बंद करा, फॅन थांबल्याची खात्री करा आणि रेडिएटरच्या पृष्ठभागावरून हाताचा पंजा जवळ नेत फिरवा. उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे सलग कमी होत जायला हवी. मध्येच गार पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो लगेच टाकून देऊ नका. रेडिएटरवाला डाग सोडवून वरखालच्या टाक्या काढतो, नळ्यांतून पट्टी फिरवतो, परत डाग देऊन पाण्यात बुडवून हवेच्या दाबानं तपासतो. ॲल्युमिनियमच्या, प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला हे सहसा परवडत नाही, नवा घ्यावा लागतो.

काटा खाली आला तर

हे मला करूळ घाटात कळलं. मे महिना, मागं आंबा, काटा तीन-चतुर्थांशाच्या वर. पुढं सावली बघून थांबू म्हणत होतो, तेवढ्यात काटा आपला खाली आला. मला हायसं वाटलं. दीडेक किलोमीटरवर गाडीची ओढच गेली, जळका वास आला आणि इंजिन बंद पडलं. आदल्या आठवड्यात खालचा होस बदलून घेतला होता, त्याची क्लिप पुरती आवळलेली नव्हती आणि मीही हात लावून बघितलं नव्हतं.

उद्यमनगरात हेड फेस मारायला (वाकलेलं हेड घासून सपाट करायला) टाकलं तेव्हा मिस्त्रीला म्हटलं, "पण काटा तर खाली आलेला की हो."

ते हेडवर पट्टी टेकवून उजेडात फट बघत होते. मान वर न करता म्हणाले, "पाणीच न्हवतं तर काटा चढणार कशाला? त्यो पाण्याचा ताप सांगतोय, लोखंडाचा न्हवं."

तेव्हा वर गेलेला काटा चढावरच एकदम खाली आला, तर तो धोका समजा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करा. वाफ नाही, पाणी आहे, नुसता काटा चढतोय, अशा वेळी एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण गरमवर (घामाघूम व्हाल, पण तोही छोटा रेडिएटरच आहे), गिअर खाली आणि पहिल्या सपाट जागी बाजूला. तिथं फॅन चालू असेल तर मिनिटभर हलक्या रेसवर ठेवून मग बंद करा. वाफ असेल तर रेस-बिस नाही, लगेच बंद. तापल्या ब्लॉकवर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये ओढ्याचं गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

कूलंट भरताना

नुसतं कूलंट कॉन्सन्ट्रेट भरलं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं ठेवा, किंवा बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हे खरं नाही. गंज रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला ते लागतंच. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतो तेच. रंगावरून जात ओळखता येत नाही, दोन कंपन्यांचं हिरवं वेगवेगळं असू शकतं. आत काय आहे माहीत नसेल तर सगळं काढा, साधं पाणी फिरवून स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग एकच प्रकार भरा.

गाडीचं तोंड चढावर राहील अशी उभी करा, हीटर गरमवर, कॅप उघडी. थंड इंजिनमध्ये हळूहळू ओता, मध्येमध्ये वरचा होस दाबा म्हणजे अडकलेली हवा निघते. चालू करा. कॅप पहिल्यापासून उघडी असल्यानं इथं दाब तयार होत नाही, तरी तोंड लांब ठेवा. होस गरम होऊन बुडबुडे थांबले की पातळी भरून कॅप लावा. पुढचे तीन दिवस सकाळी, गाडी थंड असताना, पातळी बघा. थोडी उतरणारच, तेवढं भरा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, आणि तो कॅन पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. भरलेल्या कूलंटचं नाव, प्रमाण आणि तारीख बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहा. पुढच्या वेळी घाटात टॉपअप करायची वेळ आली तर तेवढंच बघायचं असतं.